उजेडावर नेम धरणारी बुरशी: घरी करून पाहायची कृती

खिडकीतल्या कुंडीतलं रोप काचेकडे झुकलेलं सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. बुरशीही उजेडाकडे झुकते, हे मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. रोपाचं झुकणं समजायला सोपं आहे, कारण त्याचं अन्नच उजेडावर तयार होतं. बुरशी उजेडातून काहीच खात नाही. तिचं पोट खाली शेणात, लाकडात, कुजणाऱ्या पानांत भरतं. मग ती उजेडाकडे का वळते? याचं उत्तर एका काचेच्या बरणीत आठवडा-दहा दिवसांत मिळतं आणि खर्च जवळपास शून्य येतो. मला वाटतं, बुरशीबद्दल धड्यातून जे कळतं त्याहून किती तरी जास्त या बरणीतून कळतं. म्हणून ही कृती सविस्तर देतो आहे.

आपल्याला हवी असलेली बुरशी म्हणजे पायलोबोलस. गवत खाणाऱ्या जनावरांच्या शेणावर ती वाढते. तिचे उभे देठ पारदर्शक आणि बहुधा अर्धा-एक सेंटिमीटर उंच असतात. देठाच्या वरच्या टोकाला पाण्यानं टच्च भरलेला फुगा असतो आणि फुग्यावर काळी चपटी टोपी. ही टोपी म्हणजे बीजाणूंची बंद पिशवी, बीजाणुधानी. रोज सकाळी फुगा फुटतो आणि टोपी उजेडाच्या दिशेनं उडते. अर्धा-एक सेंटिमीटरच्या देठावरून निघालेली टोपी दोन मीटरपर्यंत जाऊ शकते.

शेण आणणं

प्रयोग जमणार की नाही हे इथेच ठरतं, म्हणून शेण निवडताना घाई करू नका. जनावर हिरवा चारा खाणारं हवं, बाहेर चरणारं असेल तर उत्तम. पायलोबोलसचे बीजाणू गवताला चिकटलेले असतात. ते गवताबरोबर पोटात जातात, आतड्यांतून सुखरूप पार पडतात आणि शेणाबरोबर बाहेर येतात. नुसत्या पेंडीवर आणि कोरड्या वैरणीवर बांधून ठेवलेल्या म्हशीच्या शेणात ते असतीलच असं नाही.

घोड्याची लीद सगळ्यांत चांगली. ती भुसभुशीत असते, तिच्यात हवा खेळते आणि वासही कमी असतो. माथेरानला मोटारी नाहीत, घोडे आहेत. तिथून किंवा महाबळेश्वरहून परतताना पिशवीभर लीद आणता येते. शेण गाईचं असेल तर फार पातळ नको. शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्याही चालतात. धनगरांचा वाडा रानात उतरला असेल तर विचारून ओंजळभर लेंड्या घ्या. अभयारण्यातून मात्र हरणाच्या लेंड्यासुद्धा उचलू नका, तिथून काहीही नेता येत नाही.

शेण त्याच दिवसाचं असावं. उन्हात पडून वरून पापुद्रा धरलेलं नको. हातमोजे घाला आणि हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्या. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात.

पावावर किंवा शिळ्या भाकरीवर ही बुरशी का उगवत नाही, असं मुलं हमखास विचारतात. पायलोबोलसला लोह मिळवण्यासाठी कोप्रोजेन नावाचं एक रसायन लागतं. शेणातले इतर सूक्ष्मजीव ते बनवतात, तिला स्वतःला ते पुरेसं बनवता येत नाही. हे 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं. तेव्हा शेणाला पर्याय नाही.

बरणी लावणं

रुंद तोंडाची, पारदर्शक, सरळ भिंतीची काचेची बरणी घ्या. लोणच्याची एक-दोन किलोची बरणी चालते, पण ती पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही हे आधीच घरात सांगून ठेवा. तळाशी टिपकागदाच्या किंवा साध्या टिश्यू कागदाच्या चार-पाच घड्या घाला आणि त्या भिजवा. बरणी तिरपी केल्यावर पाणी ओघळता कामा नये. त्यावर लीद तीन-चार सेंटिमीटर जाडीची, दाबून न बसवता पसरा. वर बरीच जागा मोकळी राहिली पाहिजे, कारण देठांना वळायला आणि टोप्यांना उडायला ती लागणार आहे.

झाकण घट्ट लावू नका. काचेचा तुकडा किंवा पातळ पारदर्शक प्लॅस्टिक तोंडावर नुसतं ठेवा. आत दमटपणा टिकला पाहिजे आणि थोडी हवाही जात राहिली पाहिजे. आतली काच सतत घामेजत असेल तर दिवसातून एकदा झाकण क्षणभर सरकवा. काचेवर पाणी साचलं तर पुढे तिथे चिकटणाऱ्या टोप्यांचे ठिपके दिसणार नाहीत.

बरणी खिडकीजवळ ठेवायची, पण थेट ऊन तिच्यावर पडू द्यायचं नाही. बंद बरणीत उन्हाची धग कोंडते आणि तासाभरात सगळं शिजून जातं. उत्तरेकडची खिडकी सर्वांत बरी. खोली 20 ते 25 अंशांच्या आसपास असेल तर उत्तम, त्यामुळे आपल्याकडे पाऊस ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या कामाला चांगला. रात्री अंधार आणि दिवसा उजेड हा क्रम मोडू नका. या बुरशीचं घड्याळ त्यावरच लागतं.

वाट पाहण्याचे दिवस

दोन-तीन दिवसांत शेणावर पांढरी-राखाडी लव उगवेल आणि तिच्या टोकांवर बारीक ठिपके दिसतील. ही पायलोबोलस नव्हे. ही म्युकर आणि तिची भावंडं. बरेच जण इथे फसतात आणि प्रयोग बिघडला असं समजून बरणी टाकून देतात. टाकू नका. शेणावर बुरश्या क्रमानं येतात. आधी साखरेवर झडप घालणाऱ्या झपाट्याच्या, मग इतर, आणि शेवटी कित्येक दिवसांनी छत्र्यांच्या नाजूक अळंब्या. पायलोबोलस साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान डोकावते. ती ओळखायची खूण सोपी आहे: म्युकरचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, पायलोबोलसचे देठ सुटे, ताठ आणि चमकदार असतात. त्यांच्या अंगावर पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात.

एकदा ती आली की काही दिवस रोज नवं पीक येतं. दहा-बारा दिवसांत काहीच दिसलं नाही, तर त्या जनावराच्या चाऱ्यात बीजाणू नसावेत असं समजा आणि दुसरीकडचं शेण आणा. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणच्या शेणाच्या बरण्या लावल्या तर हा वेळ वाया जात नाही.

एका दिवसाचं वेळापत्रक

देठाचं आयुष्य जेमतेम एका दिवसाचं असतं. दुपारी शेणाच्या पृष्ठभागाखाली फुगीर पिवळसर पेशी तयार होते. संध्याकाळपासून तिच्यातून देठ वर निघतो. त्याचं टोक नारिंगी असतं आणि टोप्या-फुग्यांशिवायच ते उजेड ओळखतं, ज्या बाजूनं उजेड आला तिकडे वळत वाढतं. रात्री टोकाशी बीजाणुधानी घडते आणि काळी पडते. पहाटे तिच्या खालचा भाग फुगू लागतो. सकाळी फुगा पूर्ण भरतो, देठ शेवटचा नेम धरतो आणि दुपारपर्यंत बहुतेक सगळ्या टोप्या उडालेल्या असतात.

म्हणून भिंग घेऊन बसायची वेळ सकाळी साडेसात-आठची. दहापट मोठं दाखवणारं हातभिंग पुरतं, मोबाइलचा मॅक्रो कॅमेराही चालतो. बरणी जागची हलवू नका, आपणच तिच्याभोवती फिरा. फुग्याच्या तळाशी, जिथे तो देठाला मिळतो तिथे, नारिंगी कडं शोधा. गाजरातल्या रंगद्रव्याच्या कुळातली द्रव्यं तिथे असतात. मग खिडकीच्या विरुद्ध बाजूनं पाहा. फुग्याच्या पलीकडच्या भिंतीवर उजेडाचा एक तेजस्वी ठिपका दिसेल. तो नीट दिसेपर्यंत पुढे जाऊ नका. साऱ्या वळणाचं मर्म त्या ठिपक्यात आहे.

पाण्यानं भरलेला फुगा भिंगाचं काम करतो. उजेड बाजूनं आला तर तो एकवटून आतल्या भिंतीवर एका बाजूला पडतो. त्या बाजूचा देठ जास्त वेगानं वाढतो आणि सगळा डोलारा उजेडाकडे कलतो. कलता कलता एक क्षण असा येतो की उजेड सरळ समोरून येतो आणि नारिंगी कड्यावर सगळीकडून सारखा पडतो. मग दोन्ही बाजू सारख्या वाढतात, वळणं थांबतं, नेम लागलेला असतो. हे उलगडलं ते आर्थर हेन्री रेजिनल्ड बुलर यांनी. ते जन्मानं इंग्रज आणि कॅनडात विनिपेगच्या मॅनिटोबा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. 1934 साली निघालेल्या त्यांच्या बुरशीसंशोधनाच्या सहाव्या खंडात पायलोबोलसवर प्रदीर्घ लेखन आहे. उजेडाहून वेगानं जाणाऱ्या तरुणीवरची इंग्रजीतली प्रसिद्ध पाच ओळींची गमतीची कविताही त्यांचीच.

खिडकीची परीक्षा

हा या कृतीचा गाभा. बरणीत पीक नियमित येऊ लागलं की एका संध्याकाळी आतली काच ओल्या कापडानं पुसून आधीचे ठिपके काढा आणि ती कोरडी करा. आता काळा जाड कागद बरणीभोवती गुंडाळा. झाकणावरही काळा कागद बसवा, कडेनं चिकटपट्टी लावा, कुठूनही उजेडाची फट राहू देऊ नका. शेणाच्या पातळीपासून पाच-सहा सेंटिमीटर वर, कागदात एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा. भोकाचा आकार बाहेरून मार्करनं काचेवर आखून ठेवा. ते खिडकीकडे करून बरणी ठेवून द्या आणि हात लावू नका.

काळा कागद ऊन फार शोषतो, त्यामुळे थेट उन्हाची काळजी इथे दुप्पट घ्या. खोलीत पुरेसा उजेड नसेल तर एलईडी दिवा फूटभर अंतरावरून भोकाकडे रोखा आणि तो सकाळी ठरलेल्या वेळी लावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागद उतरवा. आखलेल्या वर्तुळात काळ्या ठिपक्यांची दाटी झालेली असेल, बाकी काच बरीचशी मोकळी. ठिपके तीन गटांत मोजा: वर्तुळाच्या आतले, वर्तुळाबाहेर एक सेंटिमीटरपर्यंतचे आणि त्याहून दूरचे. वहीत तारीख, वेळ आणि आकडे लिहा. शेजारी तशीच दुसरी बरणी भोक न पाडता पूर्ण झाकून ठेवली असेल तर तिच्यातही टोप्या उडतील, पण ठिपके कुठेही विखुरलेले असतील. ही दुसरी बरणी वगळू नका. तिच्याशिवाय पहिल्या बरणीतल्या दाटीला काही अर्थ नाही, कारण टोप्या त्या बाजूला आपोआपच पडत असतील असं कुणीही म्हणू शकेल.

एक रात्र गेल्यावर बरणी फिरवून भोक विरुद्ध बाजूला पाडा. ठिपके त्या बाजूला जातील. कागद काढून सकाळी लवकर बरणी अर्धी फिरवली तर न फुटलेले देठ तासा-दोन तासांत पुन्हा उजेडाकडे मान वळवताना भिंगातून दिसतात. मुलांना याहून चांगलं काही दाखवता येईल असं मला वाटत नाही.

दोन खिडक्या, दोन रंग

आता शेजारी शेजारी, चार-पाच सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडा. अपेक्षा अशी असते की दोन्हीकडून उजेड आला तर देठ मधली दिशा धरतील. पायलोबोलस तसं करत नाही. प्रत्येक देठ दोहोंपैकी एक भोक निवडतो. काचेवर दोन दाट पुंजके दिसतात आणि मधली जागा बरीचशी रिकामी राहते. प्रत्येक फुगा स्वतंत्रपणे नेम धरतो, हे या एका काचेवरून कळतं.

दुसऱ्या दिवशी एका भोकावर लाल आणि दुसऱ्यावर निळा जिलेटीन कागद लावा. लाल कागदाच्या तीन-चार घड्या घ्या, म्हणजे निळा उजेड झिरपणार नाही. डोळ्यांना निळं भोक अंधूक वाटलं तरी दाटी तिथेच होईल. बुरशीला लाल उजेड जवळजवळ कळत नाही, निळा मात्र उत्तम कळतो. याचा एक उपयोगही आहे: रात्री बरणी पाहायची असेल तर टॉर्चवर लाल कागद लावून पाहा, देठांचा नेम ढळत नाही.

वळण भिंगामुळेच होतं, हे कशावरून?

ज्यांना नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवायला आवडत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या एका बुरशीची गोष्ट सांगतो. फायकोमायसिसचे देठ फुग्याशिवायचे, पण लांबलचक असतात, कित्येक सेंटिमीटर उंच वाढतात आणि तासाला सुमारे तीन मिलिमीटर वाढताना दिसतात. तिचा गोल, पारदर्शक देठच भिंगाचं काम करतो. हवेत बाजूनं आलेला उजेड देठाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात एकवटतो, ती बाजू जास्त वाढते आणि देठ उजेडाकडे वाकतो. हाच देठ द्रवरूप पॅराफिनमध्ये बुडवला तर उजेडापासून दूर वाकतो. पॅराफिनमध्ये उजेड पेशीरसापेक्षा जास्त वाकतो, त्यामुळे देठाचं भिंग उलटं होतं आणि उजेड एकवटायच्या ऐवजी फाकतो. जर्मनीत योहान्स बुडर यांनी 1918 साली हे दाखवलं. नुसतं भोवतालचं माध्यम बदलल्यानं दिशा उलटते, हा पुरावा मला या विषयातला सर्वांत सुंदर वाटतो.

पुढे माक्स डेलब्रुक या भौतिकशास्त्रातून जीवशास्त्रात आलेल्या शास्त्रज्ञानं फायकोमायसिसलाच आपलं काम मानलं. 1969 चं नोबेल त्यांना विषाणूंच्या आनुवंशिकतेवरील कामासाठी वाटून मिळालं, पण त्याच्या बऱ्याच आधीपासून ते या देठांकडे वळले होते. सजीव बाहेरची खूण आत कशी घेतो, हे शोधायला त्यांना साधा जीव हवा होता, आणि या एकाच पेशीच्या देठाला उजेड तर कळतोच, गुरुत्वाकर्षण आणि जवळ आलेली वस्तूसुद्धा कळते.

फायकोमायसिस घरी मिळवणं कठीण आहे. तुमच्या गावच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग असेल आणि त्यांच्याकडे तिचं संवर्धन असेल, तर पॅराफिनचा प्रयोग तिथे करून बघा.

किती लांब?

टोपी किती दूर जाते हे पाहायला मीटरभर लांबीचा, बंद होणारा खोका लागतो. फ्रिजचा किंवा कपाटाचा खोका मिळाला तर छान. आतून काळा रंग द्या किंवा काळा कागद लावा. पिकाला आलेल्या शेणाचा गोळा उथळ थाळीत घालून एका टोकाला ठेवा, दुसऱ्या टोकाला भोक पाडा आणि त्यावर आतून पांढरा पातळ कागद चिकटवा. शेण सुकू नये म्हणून थाळीत ओला कागद ठेवा. दुपारी खोका उघडा. पांढऱ्या कागदावरचे ठिपके थेट पोचलेले, खालचे वाटेत पडलेले. उडताना टोप्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण शांत खोलीत कान दिला तर कागदावर आपटल्याचा बारीक टकटक आवाज येतो.

फुग्यात वातावरणाच्या सुमारे साडेपाच पट दाब साठतो. टोपीच्या खालचं कडं फाटलं की आतला रस पिचकारीतून सुटावा तसा सुटतो आणि टोपीला पुढे रेटतो. 2008 साली अमेरिकेत ओहायोतल्या मायामी विद्यापीठातील निकोलस मनी आणि सहकाऱ्यांनी सेकंदाला अडीच लाख चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यानं शेणावरच्या बुरश्यांचे असे स्फोट टिपले. बीजाणू सेकंदाला 2 ते 25 मीटर वेगानं सुटत होते.

आणि मग उजेडाकडेच का, या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. गुरं स्वतःच्या शेणाजवळचं गवत खात नाहीत. बीजाणू पुन्हा पोटात जायचे तर शेणापलीकडे, ताज्या गवतावर पडले पाहिजेत. शेणाभोवती उंच गवत उभं असतं. त्यातून बाहेर पडायची मोकळी वाट कुठे आहे, हे उजेडच सांगतो, आणि सकाळचा तिरपा सूर्य टोपी लांब फेकायला सोईचा कोन देतो. टोपीभोवती चिकट रस असतो, त्यानं ती पात्याला घट्ट बसते. गुरांच्या फुप्फुसातले जंतकृमी या सोयीचा फायदाही घेतात. त्यांच्या अळ्या देठावर चढतात आणि टोपीबरोबर गवतावर जाऊन पडतात, गाय ते गवत खाते. बरणीत अशी बारीक पांढरी वळवळ दिसली तर तेही असू शकतं.

आवराआवर, आणि एक जपून सांगायची गोष्ट

2021 मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसनं जे झालं ते कुणीही विसरलेलं नाही. पायलोबोलसमुळे माणसाला तो आजार होत नाही, पण ती त्याच गणातली आहे आणि ओल्या शेणाच्या बरणीत म्युकर आणि ऱ्हायझोपस ह्या बुरश्याही येतात. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनी, स्टेरॉइड घेणाऱ्यांनी, दमेकऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी बरणी उघडू नये, बाहेरूनच पाहावी. बाकीच्यांनीही उघडताना नाकाला मास्क लावावा, बरणी तोंडाजवळ धरू नये, नंतर हात साबणानं धुवावेत. बरणी झोपायच्या किंवा जेवणाच्या खोलीत ठेवू नका.

शेण हाताळायचं नसेल त्यांना धिंगरीची पिशवी मिळते. भाताच्या काडावर वाढणाऱ्या त्या अळंबीला कोंब फुटायला थोडा उजेड लागतोच. कोंब दिसू लागले की पिशवीभोवती काळा कागद लावून एका बाजूला उघडं ठेवा. देठ लांबून त्या बाजूला वळतील आणि टोप्या लहान राहतील. वेग पायलोबोलसच्या तुलनेत फार मंद, आठवड्याचा हिशेब, पण शेवटी खायलाही मिळतं.

पायलोबोलसची बरणी काम झालं की उघड्यावर न्या. शेण बागेत किंवा झाडाच्या बुंध्याशी हातभर खोल पुरा, वर माती टाका. काच साबणाच्या पाण्यात दिवसभर बुडवून ठेवा. वाळलेले ठिपके तरी सुटत नसतील तर ब्लेडच्या कडेनं खरवडून काढा. खोक्यातला ठिपक्यांचा पांढरा कागद मात्र वाळवून, वर पारदर्शक चिकटपट्टी लावून वहीत ठेवता येतो. त्यावर खिडकीची दिशा आणि तारीख लिहायला विसरू नका.